कीटकनाशके आणि आरोग्य: शास्त्रीय आढाव्याचा दर्जा कसा तपासावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फवारणीच्या औषधांचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, यावर सतत नवे आढावे निघतात. त्यातले बरेचसे एकमेकांविरुद्ध बोलतात. कृषी सहायक, डॉक्टर, पत्रकार, विद्यार्थी आणि ग्राहक संघटनांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. ‘कीटकनाशक’ या शब्दात तणनाशके आणि बुरशीनाशकेही धरली आहेत.

१. साधा आढावा, पद्धतशीर आढावा आणि मेटा-ॲनालिसिस यांत फरक काय?

साध्या आढाव्यात लेखक त्याला माहीत असलेले, पटलेले अभ्यास घेऊन विषय मांडतो. कोणते अभ्यास सोडले आणि का, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नसते. पद्धतशीर आढाव्यात प्रश्न, शोधाची पद्धत आणि निवडीचे निकष आधी ठरतात. दुसऱ्या कोणी तीच पद्धत वापरली तर त्याच अभ्यासांपर्यंत पोहोचले पाहिजे. मेटा-ॲनालिसिस हे निव्वळ गणित आहे: अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक आकडा काढायचा. हे गणित साध्या आढाव्यातही घुसवता येते, म्हणून शीर्षकात ‘मेटा-ॲनालिसिस’ दिसले की दर्जा चांगला, असे धरू नका. नावातल्या ‘पद्धतशीर’ शब्दावरही जाऊ नका. पद्धती विभाग उघडून बघा.

२. डब्यावर रंगीत त्रिकोण असतोच की. मग आढावे वाचायची गरज काय?

तो त्रिकोण फक्त तीव्र विषारीपणा सांगतो, म्हणजे एकदाच पोटात गेले तर किती मात्रेत जीव जाऊ शकतो. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील अशी तोंडावाटे दिलेली मात्रा दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. वीस वर्षे फवारणी केल्यावर कर्करोग, पार्किन्सन किंवा मुलांच्या मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, याचा या रंगांशी काही संबंध नाही. त्यामुळे ‘हिरवा त्रिकोण आहे, मग काही होत नाही’ हे दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य दीर्घकालीन धोक्याबद्दल काहीच सांगत नाही.

३. आढावा हातात आला की आधी काय वाचायचे? सारांश?

सारांश शेवटी. निष्कर्ष एकदा डोक्यात बसला की पद्धतीतल्या चुका दिसेनाशा होतात. आमचा क्रम असा आहे:

आधी पद्धती विभाग. नेमका प्रश्न कोणता, म्हणजे कोणाला, कशाचा, कशाच्या तुलनेत संपर्क आणि कोणता आजार, हे एका वाक्यात लिहून काढा. लिहिता आले नाही तर आढाव्याचा प्रश्नच धूसर आहे. मग प्रोटोकॉल, म्हणजे आढाव्याची आधी लिहून ठेवलेली योजना (प्रश्न ६), आणि शोध (प्रश्न ७). त्यानंतर समाविष्ट अभ्यासांचा तक्ता घ्या आणि त्यातला ‘संपर्क कसा मोजला’ हा रकाना ओळीने वाचा (प्रश्न ८). हा रकानाच नसेल तर पुढे फारसे कष्ट घेऊ नका. मग गणित, पैशाचा स्रोत, हितसंबंध आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष.

यातून दोन-चार मूळ अभ्यास निवडा आणि त्यांचे आकडे आढाव्यात जसेच्या तसे उतरले आहेत का ते पडताळा. आकडे उतरवताना अदलाबदल होणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

४. ‘प्रिझ्मानुसार केला’ असे लिहिले आहे. तेवढे पुरे ना?

नाही. प्रिझ्मा २०२० ही २७ मुद्द्यांची यादी आढावा *कसा लिहावा* यासाठी आहे. ‘एकाच माणसाने अभ्यास निवडले’ हे प्रामाणिकपणे लिहिले तरी प्रिझ्माचा मुद्दा पूर्ण होतो, पण काम कच्चेच राहते. प्रिझ्मामुळे फायदा इतकाच की कच्चे काम कुठे आहे ते शोधायला सोपे जाते.

५. मग दर्जा मोजायला कोणते साधन? ॲमस्टार-२ कसे वापरायचे?

ॲमस्टार-२ हे साधन २०१७मध्ये आले आणि सध्या सर्वाधिक तेच वापरले जाते. त्यात १६ प्रश्न आहेत. त्यांतले सात निर्णायक मानले आहेत: प्रोटोकॉल आधी ठरला होता का, शोध पुरेसा होता का, वगळलेल्या अभ्यासांची यादी कारणांसह दिली का, प्रत्येक अभ्यासातील पूर्वग्रहाचा, म्हणजे निकाल एका बाजूला झुकवणाऱ्या दोषाचा, धोका तपासला का, मेटा-ॲनालिसिसची पद्धत योग्य होती का, निष्कर्ष काढताना त्या पूर्वग्रहाचा विचार केला का, आणि प्रकाशनातील पूर्वग्रह, म्हणजे नकारार्थी निकाल छापूनच न येणे, तपासला का.

निर्णायक सातांत एक दोष असेल तर आढाव्यावरचा विश्वास ‘कमी’, एकापेक्षा जास्त असतील तर ‘अत्यंत कमी’. निर्णायक दोष नाही आणि इतर दोष एकापेक्षा जास्त असतील तर ‘मध्यम’. एकच किंवा एकही नसेल तर ‘उच्च’.

लोक कुठे चुकतात? पहिली चूक म्हणजे ‘१६ पैकी ११ गुण’ अशी बेरीज. हे साधन गुणांसाठी केलेलेच नाही आणि त्याच्या कर्त्यांनीही तसे स्पष्ट सांगितले आहे. प्रोटोकॉल आणि शोध दोन्ही गचाळ असलेला आढावा इतर चौदा प्रश्नांवर पास झाला तरी उपयोग शून्य. दुसरी चूक म्हणजे एकट्याने तपासणे. दोघांनी स्वतंत्र उत्तरे लिहावीत आणि मग मतभेद बोलून मिटवावेत. तिसरी चूक म्हणजे निर्णायक प्रश्न डोळे मिटून तसेच ठेवणे. कोणते प्रश्न निर्णायक ठरवायचे हे विषयानुसार बदलण्याची मुभा आहे. समाविष्ट अभ्यासांना पैसा कोणी दिला हा दहावा प्रश्न आणि आढावा करणाऱ्यांचे हितसंबंध हा सोळावा, हे दोन्ही मूळ यादीत निर्णायक नाहीत. कीटकनाशकांच्या बाबतीत आम्ही ते निर्णायकच धरतो. कारण प्रश्न १३मध्ये आहे.

२०१६चे रोबिस हे दुसरे साधन आहे. ते वेळखाऊ असले तरी पूर्वग्रह कुठून शिरला हे जास्त नेमके दाखवते: पात्रतेचे निकष, शोध व निवड, माहिती काढणे व अभ्यासांची पारख, आणि एकत्रीकरण. हाताशी एकच आढावा असेल आणि त्यावर धोरण ठरणार असेल, तर रोबिस वापरा.

६. प्रोटोकॉल नोंदवला आहे एवढे पाहिले की झाले ना?

नोंद ही सुरुवात आहे. यॉर्क विद्यापीठाची प्रॉस्पेरो ही नोंदवही २०११पासून सुरू आहे. नोंदणी क्रमांक टाकून मूळ नोंद उघडा आणि तीन गोष्टी छापील आढाव्याशी जुळवा: मुख्य आजार तोच आहे का, संपर्काची व्याख्या तीच आहे का, आणि नोंदणीची तारीख शोध सुरू होण्याआधीची आहे का. निवड उरकल्यावर नोंदवलेला प्रोटोकॉल हा शोभेचा कागद आहे. नोंदीत ‘सर्व रक्तकर्करोग’ आणि आढाव्यात फक्त एक उपप्रकार, असे दिसले तर कारण शोधा. कारण पटण्यासारखे असू शकते, पण ते लेखात छापलेले हवे.

७. शोध पुरेसा होता की नाही, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार?

शोधाची पूर्ण ओळ पुरवणीत असली पाहिजे. ती नसेल तर कळणारच नाही, आणि तो दोषच धरा. असेल तर पुढील गोष्टी पाहा.

फक्त पबमेड हा वैद्यकीय निबंधांचा माहितीसाठा शोधला असेल तर अपुरे. एम्बेस, वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस यांपैकी किमान एक हवे. शेतीचा विषय असल्याने कॅब ॲबस्ट्रॅक्ट्स असेल तर उत्तम. रसायनाचे नाव, व्यापारी नावे आणि कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) असे तिन्ही वापरले का पाहा: ग्लायफोसेटचा १०७१-८३-६, क्लोरपायरिफॉसचा २९२१-८८-२.

स्पेलिंग हा कोणाच्या ध्यानीमनी नसलेला मुद्दा आहे. क्लोरपायरिफॉसचे स्पेलिंग परदेशी लेखांत शेवटी ‘एफ’ने येते, आपल्याकडच्या लेबलांवर आणि कित्येक भारतीय शोधनिबंधांत ‘पीएच’ने. ओळीत एकच रूप असेल तर भारतीय अभ्यास गळतात आणि मग आढाव्यात ‘दक्षिण आशियातून फारशी माहिती उपलब्ध नाही’ असे वाक्य येते. माहिती असते, जाळ्याची भोके मोठी असतात.

शेवटच्या शोधाची तारीखही पाहा. ती आढावा छापून येण्याच्या तीन-चार वर्षे आधीची असेल तर मधले अभ्यास स्वतः शोधा.

८. एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर काय तपासू?

संपर्क कसा मोजला ते. या विषयात आढावे बहुधा इथेच पडतात, आणि सर्वसाधारण वैद्यकीय साधने इथेच सर्वांत कमी कामाची आहेत. गोळीच्या चाचणीत कोणाला किती मिलिग्रॅम दिले ते माहीत असते. फवारणाऱ्याच्या अंगावर किती पडले ते कोणालाच माहीत नसते.

सर्वांत कच्चे मोजमाप ‘कधी कीटकनाशक वापरले का, हो किंवा नाही’. यात चाळीस वर्षे आठवड्याला फवारणारा आणि एकदा परसातल्या गुलाबाला फवारणारा एकाच रकान्यात पडतात. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट मज्जासंस्थेतले कोलिनेस्टेरेज अडवतात, पायरेथ्रॉइड सोडियमच्या वाहिन्यांवर काम करतात, तणनाशकांचे तर आणखी वेगळेच. ‘कीटकनाशके’ नावाचा एकच गठ्ठा करून काढलेला सरासरी आकडा नेमक्या कोणत्याच रसायनाबद्दल बोलत नाही.

आठवणीवरची माहिती ही पुढची अडचण. रुग्ण आणि निरोगी यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात आजारी माणूस कारण शोधत असतो, म्हणून त्याला जास्त आठवते. यामुळे संबंध फुगतो. उलट दोन्ही गटांची आठवण सारखीच गडबडलेली असेल तर खरा संबंधही बहुधा फिका दिसतो. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे: शेतकऱ्याला बाटलीचे नाव आणि झाकणाचा रंग आठवतो, घटकाचे नाव नाही. अभ्यासाने बाटल्यांचे फोटो दाखवले का, दुकानाची बिले पाहिली का, हे आढाव्याने नोंदवले असेल तर तो आढावा काळजीपूर्वक केला आहे असे समजा.

लघवीची तपासणी म्हणजे पक्के मोजमाप, असे वाटते. ऑर्गॅनोफॉस्फेटचे अवशेष काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात. म्हणजे एकच नमुना गेल्या दोन-चार दिवसांचे सांगतो, गरोदरपणाच्या नऊ महिन्यांचे नाही. त्यात डायअल्किल फॉस्फेट हे अनेक ऑर्गॅनोफॉस्फेटांचे सामाईक अवशेष आहेत आणि ते फळभाज्यांवर आधीच तयार होऊन पोटात जाऊ शकतात. तेव्हा ते लघवीत दिसले म्हणजे मूळ विषच शरीरात गेले असे नाही. याउलट डीडीटीपासून बनणारा डीडीई चरबीत वर्षानुवर्षे राहतो, तिथे रक्ताचा एक नमुनाही बरेच सांगून जातो. चांगला आढावा रसायनागणिक हा फरक करतो.

चांगले उदाहरण हवे तर अमेरिकेतील ॲग्रिकल्चरल हेल्थ स्टडी पाहा. १९९३ ते १९९७ या काळात आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातील ८९ हजारांहून अधिक फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार त्यात घेतले. औषध कोण मिसळतो, कशाने फवारतो, यंत्र कोण दुरुस्त करतो, हातमोजे घालतो का, यावरून संपर्काची तीव्रता काढली. आजार होण्याआधी विचारल्याने आठवणीचा पूर्वग्रहही टळला. तरीही ही माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे, हे विसरू नका.

९. आढाव्यात ‘न्यूकॅसल-ओटावा: ७ तारे, उच्च दर्जा’ असे लिहिले आहे. विश्वास ठेवायचा का?

निरीक्षणात्मक अभ्यासांचा दर्जा ताऱ्यांत मोजणाऱ्या या मोजपट्टीत कमाल ९ तारे असतात आणि ‘७ किंवा अधिक म्हणजे उच्च’ ही रेषा प्रथेने आलेली आहे. मुख्य अडचण अशी की संपर्काच्या मोजणीला त्यात फार थोडे तारे आहेत. प्रश्न ८मधले जवळपास सगळे दोष असलेला अभ्यासही सहज ७ तारे मिळवतो. रोबिन्स-ई किंवा नॅव्हिगेशन गाइडसारखी, पर्यावरणीय संपर्कासाठी घडवलेली पद्धत वापरलेला आढावा मिळाला तर त्याला झुकते माप द्या.

१०. मेटा-ॲनालिसिसचा आकडा नेमका कसा वाचायचा?

समजा सापेक्ष धोका, म्हणजे संपर्क नसलेल्यांच्या तुलनेत संपर्क असलेल्यांचा धोका किती पट, १.४१ आहे. बातमीत ‘४१ टक्क्यांनी धोका वाढला’ असे येईल. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. संपर्क नसलेल्या १०,००० जणांत ठरावीक काळात २० जणांना तो आजार होत असेल, तर संपर्क असलेल्या तितक्याच जणांत २८ जणांना होईल. वाढ आठ जणांची. मूळ प्रमाण ठाऊक नसेल तर टक्केवारी लिहू नका.

मग विश्वास-अंतर, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या दोन टोकांदरम्यान असेल तो पट्टा, पाहा; ते १ ला ओलांडत असेल तर निव्वळ योगायोगाची शक्यता बाद होत नाही. आय-स्क्वेअर हा आकडा अभ्यासांमधली तफावत सांगतो. ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर सरासरी काढण्यात अर्थ होता का, हा प्रश्न विचारा. तो कमी आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण चार-पाच छोट्या अभ्यासांत तो विश्वासार्ह नसतो. प्रकाशनातील पूर्वग्रह शोधणारे फनेल आलेख आणि एगरची चाचणी दहापेक्षा कमी अभ्यासांवर लावली असेल तर तिच्या निकालाला वजन देऊ नका.

‘१२ पैकी ७ अभ्यासांत संबंध आढळला’ अशी मतमोजणी मात्र कुठेही दिसली की लाल खूण करा. छोट्या अभ्यासाचे आणि पन्नास हजार लोकांच्या अभ्यासाचे मत सारखे मोजले जाते.

११. एकाच रसायनावरचे चांगले आढावे वेगळे निष्कर्ष कसे काढतात?

ग्लायफोसेट आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका संस्थेचा एक कर्करोग, हे उदाहरण सावकाश पाहण्यासारखे आहे.

२०१४च्या मेटा-ॲनालिसिसचा आकडा १.५ (विश्वास-अंतर १.१ ते २.०). आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये काढलेला १.३ (१.०३ ते १.६५). २०१६मध्ये उत्पादक मोन्सँटोच्या पैशाने झालेल्या मेटा-ॲनालिसिसचाही १.३ (१.० ते १.६). आकडे जवळपास तेच. पण शेवटच्या आढाव्याने निष्कर्ष लिहिला की कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही, कारण पूर्वग्रह आणि योगायोग नाकारता येत नाहीत. गणितावर वाद नव्हता. त्याच गणिताला किती वजन द्यायचे यावर होता.

मग २०१८मध्ये ॲग्रिकल्चरल हेल्थ स्टडीचा नवा निकाल आला: ५४,२५१ फवारणारे, त्यांतील ८२.८ टक्क्यांनी ग्लायफोसेट वापरलेले, आणि एकूण लिम्फोमाशी संबंध नाही. २०१९च्या मेटा-ॲनालिसिसने हा निकाल धरूनही १.४१ (१.१३ ते १.७५) काढला, कारण प्रत्येक अभ्यासातून *सर्वाधिक संपर्काचा* गट घेतला. खरा धोका असेल तर तो तिथेच दिसेल, हा त्यामागचा तर्क. त्याच वर्षी फ्रान्स, नॉर्वे आणि अमेरिकेतील शेतकऱ्यांची माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणाने ‘कधी वापरले का’ या मोजमापावर ०.९५ (०.७७ ते १.१८) काढला; मात्र लिम्फोमाच्या एका उपप्रकारात १.३६ (१.०० ते १.८५).

म्हणून दोन आढावे भांडताना दिसले की निष्कर्ष समोरासमोर ठेवू नका. तीन निवडी ठेवा: कोणता संपर्क-गट, कोणता आजार किंवा उपप्रकार, आणि त्या अभ्यासाची कोणती आवृत्ती. भांडण बहुधा या तिघांतच सापडते. त्या निवडी निकाल पाहण्याआधी ठरल्या होत्या का, हे प्रश्न ६च्या पद्धतीने तपासा.

१२. आयएआरसी म्हणते ‘बहुधा कर्करोगकारक’, युरोपची संस्था म्हणते ‘शक्यता कमी’. खरे कोण?

प्रश्नच वेगळे होते. आयएआरसी *धोका असू शकतो का* हे ठरवते. किती मात्रेत, रोजच्या जगण्यात होतो का, हे नाही. मार्च २०१५मध्ये तिने ग्लायफोसेट, मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन गट २ए, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’, मध्ये टाकले. ईएफएसए या युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०१५मध्ये ग्लायफोसेटपासून माणसाला कर्करोगाचा धोका असण्याची शक्यता कमी आहे असे म्हटले.

दुसरा फरक पुराव्याचा. आयएआरसी सर्वांना पाहता येणारेच अभ्यास घेते. नियामक संस्था कंपनीने सादर केलेले अप्रकाशित अभ्यासही घेतात. तिसरा, ईएफएसएने मुख्यतः मूळ घटक तपासला, आयएआरसीने बाजारातल्या तयार मिश्रणांवरचे अभ्यासही पाहिले. शेतकऱ्याच्या अंगावर मिश्रण पडते, निव्वळ घटक नाही. हे लक्षात ठेवून दोन्ही वाचा. ‘गट २ए म्हणजे सिगरेटइतके धोकादायक’ हा अर्थ मात्र चूकच आहे; गट पुराव्याची ताकद सांगतो, धोक्याचे प्रमाण नाही.

१३. कंपनीने पैसा दिलेला आढावा सरळ बाजूला टाकायचा का?

टाकू नका, पण दुप्पट कसून तपासा. प्रश्न ११मधले २०१६चे मेटा-ॲनालिसिस पाहा: पैसा कंपनीचा, गणित इतरांसारखेच. वाकवणे असते ते बहुधा निवडीत आणि शब्दांत.

खरी अडचण पैसा जाहीर नसतो तेव्हा येते. ग्लायफोसेटच्या सुरक्षिततेवरचा २०००मधला एक आढावा वर्षानुवर्षे आधार म्हणून दिला गेला. २०१७मध्ये अमेरिकी खटल्यांतून उघड झालेल्या कागदपत्रांत त्याच्या लेखनात मोन्सँटोच्या कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे समोर आले. २०२५च्या अखेरीस नियतकालिकाने तो मागे घेतला. पण त्यावर उभे राहिलेले आढावे तसेच आहेत. म्हणून हितसंबंधांचे निवेदन वाचताना ऋणनिर्देशही वाचा: ‘हस्तलिखितावर उपयुक्त सूचना’ देणारे कोण आहेत ते पाहा. हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावा; नुकसानभरपाईच्या खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार असलेल्या लेखकाचा हितसंबंधही हितसंबंधच असतो.

१४. प्राण्यांवरच्या अभ्यासांच्या आढाव्यात काय वेगळे पाहायचे?

क्लिमिश गुण दिसले तर सावध व्हा. १९९७ची ही पद्धत अभ्यास ठरीव मार्गदर्शक आणि चांगल्या प्रयोगशाळा-रीतीनुसार झाला का यावर भर देते. त्यामुळे कंपनीचे प्रमाणित अभ्यास ‘१’, म्हणजे सर्वांत वरचा गुण, मिळवतात आणि विद्यापीठातले संवेदनशील अभ्यास मागे पडतात. प्राण्यांची वाटणी यादृच्छिक होती का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, हे सिर्कलसारखे साधन विचारते.

प्रमाणित म्हणजे निर्दोष नव्हे, याचे उदाहरण क्लोरपायरिफॉस. मेंदूच्या वाढीवरचा कंपनीचा उंदरांवरील अभ्यास १९९८मध्ये सादर झाला. २०१८मध्ये स्वीडनच्या संशोधकांसह एका गटाने त्याचे मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा सर्वांत कमी मात्रेतही पिल्लांच्या लहान मेंदूच्या मापावर परिणाम दिसला. अहवालाच्या निष्कर्षात तो आला नव्हता. युरोपीय संघाने जानेवारी २०२०मध्ये या रसायनाची मान्यता संपवली.

१५. ‘संबंधाचा पुरावा आढळला नाही’ म्हणजे सुरक्षित, असेच ना?

नाही. पुरावा शोधण्याइतके अभ्यास मोठे होते का, संपर्क नीट मोजला होता का, आजार दिसायला पुरेसा काळ गेला होता का, हे आधी विचारा. विश्वास-अंतर ०.५ ते ३.० असेल तर तो अभ्यास ‘धोका निम्मा’ आणि ‘धोका तिप्पट’ दोन्ही शक्य आहे असे सांगतो. म्हणजे काहीच सांगत नाही. ०.९५ ते १.०५ असेल तर गोष्ट वेगळी.

खात्रीची पातळी स्वतंत्र लिहिलेली असावी. पुराव्याची खात्री ठरवणाऱ्या ग्रेड पद्धतीत निरीक्षणात्मक अभ्यास ‘कमी’ खात्रीपासून सुरू होतात. कोणाला मुद्दाम विष पाजून चाचणी घेता येत नाही, म्हणून या विषयात सगळेच खाली राहते. नॅव्हिगेशन गाइड यासाठीच ‘मध्यम’पासून सुरू करते. ‘खात्री कमी’ वाचले की कोणत्या मोजपट्टीवर ते पाहा. फ्रान्सच्या इन्सर्म या आरोग्य संशोधन संस्थेचा २०२१चा अहवाल वेगळीच भाषा वापरतो: ‘सबळ, मध्यम किंवा दुर्बळ अनुमान’. सबळ अनुमानात त्याने नॉन-हॉजकिन लिम्फोमा, मल्टिपल मायलोमा, पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग, पार्किन्सन, बौद्धिक कार्यातील बिघाड आणि श्वसनाचे जुनाट आजार घातले आहेत.

१६. आढाव्यांचा आढावा मिळाला. तो सर्वांत भक्कम ना?

तेच मूळ अभ्यास किती वेळा मोजले गेले त्यावर अवलंबून आहे. यासाठी एक सोपे सूत्र आहे. सर्व आढाव्यांतल्या नोंदींची एकूण संख्या घ्या आणि त्यातून वेगवेगळ्या अभ्यासांची संख्या वजा करा. मग आढावे गुणिले वेगवेगळे अभ्यास, त्यातून पुन्हा वेगवेगळ्या अभ्यासांची संख्या वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. तीन आढावे, २० वेगळे अभ्यास, एकूण ३६ नोंदी: १६ भागिले ४०, म्हणजे ४० टक्के. १५ टक्क्यांच्या वर पुनरावृत्ती ‘अतिशय जास्त’ मानतात. इथे तीन आवाज ऐकू येतात, पण बोलणारे बहुतांशी तेच.

एकाच आढाव्यातही हे होते. कॅलिफोर्नियातील चामाकोस या गरोदर महिलांच्या गटावर डझनावारी निबंध आले आहेत. ते स्वतंत्र अभ्यास म्हणून मोजले तर एकाच गटाला अनेक मते मिळतात.

१७. कॉक्रेनमध्ये काहीच का सापडत नाही?

कॉक्रेन या वैद्यकीय पद्धतशीर आढाव्यांच्या जाळ्याचा भर उपचारांवर आहे. कीटकनाशकांबाबत तिथे मुख्यतः विषबाधेच्या उपचारांचे आढावे मिळतात, उदाहरणार्थ ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत ऑक्झीम हे उतारा औषध द्यावे का. दीर्घकालीन परिणामांसाठी पर्यावरणीय आरोग्याची नियतकालिके शोधा.

१८. परदेशी अभ्यासांवरचा आढावा विदर्भातल्या कापसाला लावता येतो का?

रसायन शरीरात काय करते, हा भाग लावता येतो. संपर्क किती होतो, हा भाग नाही. आयोवात ट्रॅक्टरच्या मागे लावलेल्या बूमने, म्हणजे नोझल बसवलेल्या आडव्या दांड्याने, फवारतात. इथे पाठीवरचा पंप, डोक्याएवढे कापसाचे झाड आणि तोंडावर उलटणारा फवारा. औषध कालवायला पाणी आणणाऱ्या, फवारणीचे कपडे धुणाऱ्या बायकांचा संपर्क परदेशी प्रश्नावल्यांत क्वचितच असतो. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी झाडे नेहमीपेक्षा उंच होती आणि औषधे एकत्र मिसळून मारली जात होती. एकेका घटकावरचा आढावा, कितीही चांगला असो, अशा मिश्रणाबद्दल बोलू शकत नाही. शिवाय तो दीर्घकालीन आजारांवर असेल तर तीव्र विषबाधेच्या घटनेला त्याचा आधार देऊ नका. पत्रकारांकडून ही गल्लत वरचेवर होते.

१९. सरकारी समितीचा अहवाल हा आढावा धरायचा का?

निकष तेच लावा: शोध कसा केला, काय वगळले, सदस्यांचे हितसंबंध कोणते. परदेशात बंद पण भारतात चालू असलेल्या ६६ कीटकनाशकांसाठी २०१३मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली होती. तिच्या शिफारशींनंतर २०१८मध्ये १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला. असा निर्णय आरोग्यासोबत पर्याय, पीक आणि व्यवहार पाहूनही होतो. ‘बंदी नाही, म्हणजे विज्ञानाने निर्दोष ठरवले’ किंवा उलट, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारे द्रव रूप) वरची बंदी २०२३च्या आदेशाने आली. त्याच्या विषारीपणाची माहिती त्याआधी कित्येक दशके उपलब्ध होती.

२०. आढावा मागे घेतला गेला आहे का, हे कुठे पाहू?

पबमेडवरच्या नोंदीत वर ठळक सूचना असते. रिट्रॅक्शन वॉचचा माहितीसाठा मोफत शोधता येतो. आढावा ठीक असला तरी त्यातले मूळ अभ्यास मागे घेतलेले असू शकतात, म्हणून निकालावर सर्वाधिक वजन असलेल्या दोन-तीन अभ्यासांची नावेही तिथे टाका. कोणाचे वजन किती ते फॉरेस्ट आलेखात, म्हणजे सर्व अभ्यासांचे आकडे एकाखाली एक दाखवणाऱ्या आकृतीत, टक्क्यांत दिलेले असते. एखाद्या अभ्यासाचे वजन निम्म्याच्या आसपास असेल आणि तोच काढून केलेली फेरगणना लेखात नसेल, तर लेखकांना पत्र लिहून मागा. पत्ता लेखाच्या पहिल्या पानावर असतो आणि बरेच जण उत्तर देतात.